उजव्या पडद्यावरचा काळा रंग

एका दुकानात मी बावीस वर्षं टीव्ही जोडायचं आणि दुरुस्त करायचं काम केलं. त्या बावीस वर्षांत मी बरेच मूर्ख पाहिले, पण सगळे एकाच खोलीत, एकाच वेळी आणि तेही आपण फार हुशार आहोत अशा समजुतीत, असे एकदाच पाहिले. ते वर्ष माझ्या बायकोच्या आजारपणाचं होतं, म्हणून मला त्यातला दिवसन् दिवस आठवतो.

तेव्हा घरी सिनेमा बघायच्या नव्या तबकड्या निघाल्या होत्या. साध्या डीव्हीडीपेक्षा चित्र कितीतरी स्वच्छ, असं कंपन्या सांगत. त्याला हरकत नव्हती. पण कंपन्यांच्या एका गटाने ती काढली लाल डबीत आणि दुसऱ्या गटाने काढली निळ्या डबीत. लाल म्हणजे एचडी डीव्हीडी, निळी म्हणजे ब्लू-रे. तबकडी आकाराने तीच, मधलं भोकही तेवढंच. पण लालची तबकडी निळ्याच्या यंत्रात चालायची नाही आणि निळ्याची लालच्या. काही सिनेमे फक्त लालमध्ये, काही फक्त निळ्यात. म्हणजे गिऱ्हाइकाने दोन्ही यंत्रं घरी आणावीत, नाहीतर निम्म्या सिनेमांवर पाणी सोडावं. मोठमोठ्या पदव्यांच्या माणसांनी वर्षानुवर्षं बैठका घेऊन हे ठरवलं होतं. दोन लहान मुलं खेळण्यावरून हमरीतुमरीवर आली की आई दोघांच्या पाठीत एकेक धपाटा घालते. यांना आई नव्हती.

आमच्या दुकानात वरच्या मजल्यावर एकच भिंत मोकळी होती. तिथे एकच रंग मावणार होता. मालकांना स्वतःहून काही ठरवायची सवय नव्हती. दुकानाची पाटी बदलायची ठरवायला त्यांना चार वर्षं लागली होती, आणि तोवर जुनी पाटी आपणहून खाली पडली. ते म्हणाले, "मिस्त्री, आपण लोकांनाच ठरवू देऊ. दोन टीव्ही शेजारी शेजारी लावा. एकावर लाल, एकावर निळी. एकच सिनेमा. बघणारा ज्याला चांगलं म्हणेल त्या रंगाची टिकली फळ्यावर लावेल. एकवीस दिवस. रोज संध्याकाळी पाच ते सात."

बायको ज्या हॉस्पिटलात होती तिथली भेटायची वेळ पाच ते सात होती.

"मालक, मला पाचला सुटायला हवं. हॉस्पिटलात जायचंय," मी म्हणालो.

"सकाळी जा की."

"सकाळी आत सोडत नाहीत."

"मग रविवारी जा."

"रविवारी पण हे दाखवायचंच आहे ना?"

"हो, खरंच की," ते म्हणाले, जसं काही मी त्यांना मोठा शोध लावून दिला. "रविवारी तर गर्दी जास्त. पण एकवीस दिवसांचाच तर प्रश्न आहे, मिस्त्री."

डॉक्टर मला जे बोलले होते, तेही साधारण तेवढ्याच दिवसांचं होतं. मी ते मालकांना सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. पण बावीस वर्षं मान हलवली की ती आपोआप हलते.

माझ्याशिवाय ते काम होणारं नव्हतं, हेही खरं. दोन यंत्रांवर एकच सिनेमा लावून तो एकाच वेळी पुढे सरकवणं हा हातचा मळ नाही. लालचं यंत्र सुरू व्हायलाच मिनिटभर घ्यायचं. निळ्याचं मध्येच विचारात पडायचं. मी दोन्ही चित्रं एका जागी थांबवून ठेवायचो, डाव्या हातात एक रिमोट, उजव्या हातात दुसरा, आणि दोन्ही अंगठे एकदम दाबायचो. सात मिनिटांचा तुकडा होता. त्यात घोडे पळायचे, मग एका म्हाताऱ्याचा सुरकुतलेला चेहरा यायचा, मग काळोखातली एक गुहा. सात मिनिटं झाली की परत मागे, परत दोन अंगठे. घोडा एका पडद्यावर अर्धं पाऊल पुढे दिसला की मागे पडलेल्या कंपनीचा माणूस ओरडायचा, "मुद्दाम! हे मुद्दाम चाललंय!"

कंपन्यांची दोन माणसं रोज हजर असायची. मी त्यांना लालवाला आणि निळावाला म्हणायचो. दोघेही पंचविशीतले, दोघांचे बूट चकचकीत. लालवाला संधी मिळेल तशी निळ्याच्या टीव्हीची चमक दोन घरं कमी करायचा. निळावाला लालच्या टीव्हीचा रंग वाढवायचा, म्हणजे म्हाताऱ्याला कावीळ झाल्यासारखी दिसावी. मग दोघं एकमेकांकडे बघून हसायचे आणि एकत्र चहा प्यायला जायचे.

पण या सगळ्यांवर कडी केली होती माझ्या मेहुण्याने.

मेहुणा म्हणजे बायकोचा थोरला भाऊ. मी त्याला दादा म्हणतो, तो मला जावईबापू म्हणतो, आणि असं म्हणताना माझ्या खांद्याकडे बघतो. त्याचं चष्म्याचं दुकान आहे. "डोळे हा माझा धंदा आहे," हे वाक्य तो लग्नात, बारशात, कुठेही म्हणू शकतो. प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी तो सहज म्हणून आला आणि तिथेच मुरला. रोज साडेचारला स्वतःचं दुकान नोकरावर टाकून यायचा. पहिल्या रांगेतली कडेची खुर्ची त्याची. तो निळ्याच्या बाजूचा होता. का, ते त्यालाच माहीत. चार दिवसांत निळावाला त्याला "सर" म्हणायला लागला आणि मग तर विचारूच नका.

"इथे या, इथे उभे राहा," तो आलेल्या लोकांना दंडाला धरून सांगायचा. "साडेतीन मीटर. आता डावा डोळा झाका. उजव्या पडद्यावरची गुहा बघा. तो काळा बघा. याला म्हणतात काळा. आणि डावीकडचा? डावीकडचा राखाडी आहे, राखाडी! वाशिंग पावडरीने धुतलेला."

लोक डोळा झाकून माना डोलवायचे.

हॉस्पिटल माझ्या दुकानापासून वीस मिनिटांवर. मेहुण्याच्या दुकानापासून दहा. सात वाजता प्रदर्शन संपवून, तारा गुंडाळून मी धावत जायचो तोवर बायकांच्या वॉर्डाचं दार बंद झालेलं असायचं. सिस्टर डबा आत घेऊन जायची आणि रिकामा बाहेर आणून द्यायची. दहा दिवस माझा माझ्या बायकोशी संबंध डब्यापुरता. शेजारच्या काकू एक दिवसाआड तिच्याजवळ बसून यायच्या आणि मला निरोप द्यायच्या. निरोप एकच. दादा कधी येणार?

मी मेहुण्याला सांगायचो. तो म्हणायचा, "उद्या. उद्या नक्की. आज दोन प्राध्यापक येणार आहेत बघायला."

दहाव्या दिवशी डबा परत आला तो भरलेलाच होता. सिस्टर म्हणाली, "खात नाहीत आता."

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात कुणी नसताना मी वर गेलो. कोपऱ्यातल्या कपाटात एक जुनं, साधं डीव्हीडीचं यंत्र पडलं होतं. त्यात एक सोय होती, जी त्या दोन नव्या शहाण्यांत नव्हती. तुकड्याची सुरुवात आणि शेवट एकदा ठरवून दिले की ते तोच तुकडा न थकता परत परत दाखवत राहायचं. तोच सिनेमा साध्या डीव्हीडीवर खाली दुकानात होताच. मी ते यंत्र मांडणीच्या मागे, काळ्या कापडाखाली ठेवलं. एका तारेचे दोन फाटे करणारी डबी लावली. एक फाटा लालच्या टीव्हीला, एक निळ्याच्या. दोन्ही नवी यंत्रं समोर काचेच्या फळीवर तशीच ठेवली. त्यांचे दिवे लागायचे, आत तबकड्या गरगर फिरायच्या, पण त्यांची तार कुठेच जात नव्हती.

आता अंगठ्यांची गरज नव्हती. पाचला पाच कमी असताना मी यंत्र सुरू केलं, लालवाल्याला म्हणालो, "आजपासून आपोआप चालेल, नवीन जोडणी केलीय," आणि निघालो.

त्या दिवशी मी दोन तास बायकोजवळ बसलो. ती इतकी लहान झाली होती की पलंग रिकामाच वाटत होता. मी तिला सगळं सांगितलं. ती आधी हसली नाही. मग म्हणाली, "म्हणजे दोन्हीकडे एकच?"

"एकच. तेही साधं."

"आणि दादा?"

"दादा उजवीकडचा काळा बघतोय."

मग ती हसली. पोट दुखत होतं म्हणून उशी पोटाशी धरून हसली. "त्याला कळलं नाही अहो? डोळे हा त्याचा धंदा ना?"

मला भीती होती की एखाद-दोन दिवसांत कुणाच्या तरी लक्षात येईल. उगाच भीती. दुसऱ्या दिवशी लालवाला मला म्हणाला, "मिस्त्री, नव्या जोडणीने आमचं चित्र किती सुधारलं बघा." निळावालाही तेच म्हणाला. फळ्यावरच्या टिकल्या वाढत होत्या. ते दोन प्राध्यापक येऊन गेले आणि त्यांचं आपसात वाजलं. एका वर्तमानपत्राचा माणूस आला आणि त्याने लिहिलं की लाल पडद्यावर ऊब आहे आणि निळ्या पडद्यावर खोली आहे. ते मी बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "परत वाचा." मी परत वाचलं.

पण रोज सात वाजायला आले की ती दाराकडे बघायची.

"तो घाबरतो," ती म्हणाली. "आई गेली तेव्हाही तो बाहेर रिक्षाच बघत बसला होता. त्याला म्हणावं, काही आणू नको, काही विचारू नको. नुसता ये. मला त्याच्याशी एकदा भांडायचंय."

घाबरतो, हे तिचं मत. माझं मत वेगळं होतं. बहीण मरायला टेकलेली असताना जो माणूस साडेतीन मीटरवर उभा राहून म्हाताऱ्याच्या सुरकुत्या मोजतो, त्याला मी घाबरट म्हणणार नाही. त्यासाठी दुसरे शब्द आहेत आणि ते मी तिच्यासमोर कधी काढले नाहीत.

एकविसाव्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी मला खोलीत बोलावलं. म्हणाले, "भेटायचं राहिलेलं कुणी असेल तर बोलावून घ्या."

पाच वाजता मी हॉस्पिटलात न जाता दुकानाच्या वरच्या मजल्यावर गेलो. खोली भरली होती. शेवटचा दिवस, लाल आणि निळ्या टिकल्या जवळजवळ सारख्या. मालक नवा शर्ट घालून फळ्याजवळ उभे. मेहुणा पडद्यासमोर. मी त्याच्याजवळ गेलो आणि हळू आवाजात म्हणालो, "दादा, चला. आज नाही तर नाही."

"अहो जावईबापू, आज कसं शक्य आहे? आज निकाल!"

"ती वाट बघतेय."

"उद्या सकाळी पहिलं काम तेच."

"सकाळी आत सोडत नाहीत. तिच्याकडे उद्या नाहीये, दादा."

त्याने माझ्याकडे बघितलंच नाही. पडद्याकडे बघत म्हणाला, "हे बघा, गुहा आली. बघा मंडळी, हा काळा बघा! हा काळा डावीकडे सात जन्मांत येणार नाही."

मी काचेच्या फळीपाशी गेलो. लालच्या यंत्राचं बटण दाबून तबकडी बाहेर काढली आणि वर धरली. मग निळ्याची काढली आणि दुसऱ्या हातात धरली. दोन्ही तबकड्या माझ्या हातात आणि मागे दोन्ही पडद्यांवर घोडे पळतायत.

क्षणभर कुणाला काही कळलंच नाही. मागून एक बाई म्हणाली, "अगं बाई, मग हे येतंय कुठून?"

मी कापड उचललं आणि जुनं यंत्र बंद केलं. दोन्ही पडदे एकदम विझले.

"अकरा दिवस तुम्ही सगळे हेच बघताय," मी म्हणालो. "साधी डीव्हीडी. दोन्हीकडे तीच."

सगळ्यात आधी लालवाला निळावाल्यावर धावून गेला, मग निळावाला लालवाल्यावर. अकरा दिवस आपल्याला कळलं नाही, याचं दोघांनाही काही नव्हतं. यात समोरच्याचा काय डाव, एवढंच शोधत होते. वर्तमानपत्रवाला दाराकडे सरकला. एक म्हातारे गृहस्थ खुर्चीत बसून खदाखदा हसत होते. "मी तीन वेळा येऊन टिकली लावून गेलो हो," ते सांगत होते, "तीन वेळा!"

मालकांचा चेहरा पांढरा पडला. "मिस्त्री," ते म्हणाले, "तुम्ही उद्यापासून येऊ नका."

"बरं," मी म्हणालो. बावीस वर्षांत मला याहून सोपं काम त्यांनी सांगितलं नव्हतं.

मेहुणा अजून पडद्यासमोरच उभा होता. पडद्यावर काही नव्हतं. तो सावकाश म्हणाला, "तरीही उजवीकडचा काळा जास्त होता."

"दादा, तार एक होती."

"मग टीव्हीत फरक असणार."

"टीव्ही एकाच खोक्यातून काढल्यासारखे आहेत."

"तुम्ही नुसते तारा जोडता, जावईबापू. डोळे हा माझा..." तो थांबला. आजूबाजूचे लोक त्याच्याकडे बघत होते आणि हसत होते. पहिल्यांदाच त्याच्याशिवाय बघायला दुसरं काही उरलं नव्हतं.

"इथलं संपलं," मी म्हणालो. "आता चला."

तो आला. वीस मिनिटं वाटभर बडबडत आला. मी कसा फसवा आहे, यंत्रणेचा कसा विचका केला, शास्त्रीय पद्धत म्हणजे काय. मी ऐकत नव्हतो. मी त्याचा दंड धरला होता, तो तेवढा सोडला नाही.

वॉर्डाच्या दाराशी पहारेकऱ्याने हात आडवा केला. एका पेशंटमागे एक पास, एका वेळी एक माणूस. सव्वासहा झाले होते. पास माझ्या खिशात होता. मी तो काढून मेहुण्याच्या हातात दिला. दाराशी येताच त्याचं तोंड बंद झालं होतं. तो पासाकडे बघत राहिला.

"तिला काय बोलू?" त्याने विचारलं.

"हेच. जे मला सांगत आलात ते."

तो आत गेला. मी जिन्यावर बसलो. पंचेचाळीस मिनिटं बसलो. माझी होती ती. त्यासाठी मी अकरा दिवस अख्ख्या गावाला वेड्यात काढलं होतं, आणि शेवटी ती ज्याला दिली, त्याला त्यांची किंमत होती असं मला वाटत नव्हतं. सिस्टर बाहेर आली आणि म्हणाली, "तुमच्या पेशंटना जरा हळू बोलायला सांगा. बाकीच्या बायका तक्रार करतायत. दोघं भांडतायत आत."

दुसऱ्या दिवशी माझ्याकडे अख्खा दिवस मोकळा होता आणि आत सोडायचे दोनच तास. पाचला पोचलो तर मेहुणा दारात हजर. म्हणाला, "सहापर्यंत मी बसतो, मग तुम्ही." सहाचे सव्वासहा झाले. तिसऱ्या दिवशी साडेसहा. तो तिला निळी का जिंकणार हे समजावत होता. बोटांनी हवेत आकृत्या काढत होता. मी तिला म्हणालो, "उद्या त्याला येऊ नको म्हणून सांगतो. तुला त्रास होतो."

ती डोळे मिटून पडली होती. म्हणाली, "येऊ द्या. तुम्ही नुसते माझ्याकडे बघत बसता, अहो. तुमच्यासमोर मला आजारी राहावं लागतं. तो काहीतरी मूर्खासारखं बोलतो, मी त्याला वेड्यात काढते. तेवढा वेळ बरं असतं."

मला ते लागलं. खरं होतं म्हणून जास्त लागलं. मग मी जिन्यावरच बसायला लागलो.

सहाव्या दिवशी पहाटे ती गेली. तेव्हा भेटायची वेळ नव्हती, त्यामुळे आम्ही दोघंही नव्हतो.

मालकांनी त्या भानगडीबद्दल अवाक्षर बाहेर फुटू दिलं नाही. टिकल्या मोजल्या, लाल चौदाने पुढे निघाली, आणि त्यांनी अख्खी भिंत लालने भरली. साधी डीव्हीडी बघून लोकांनी लाल निवडली आणि मालकांनी तो लोकांचा कौल मानला. पुढे दोनेक महिन्यांत लाल कंपनीने हात वर केले. एके दिवशी सकाळी सगळ्या वर्तमानपत्रांत बातमी, लाल बंद. ज्यांनी लाल यंत्रं घेतली होती त्यांच्या घरी फुलदाणी ठेवायला एक महागडी फळी आली, बाकी काही नाही. आज तर निळीही कुणी विकत घेत नाही. ज्यासाठी एवढे गळे फाडले ती वस्तूच लोकांना नको आहे.

त्या बातमीच्या दिवशी सकाळी मेहुणा माझ्या घरी आला. हातात वर्तमानपत्राची घडी. दारातच उभा राहिला. तेरावं झाल्यापासून तो आला नव्हता आणि मी बोलावलं नव्हतं.

"निळी जिंकली," तो म्हणाला.

"वाचलं."

"मी तिला म्हणालो होतो. ती म्हणाली होती, पैज लाव." तो घडी उघडायला लागला, परत मिटायला लागला. "आता हे सांगू कुणाला?"

मला त्याला दारातूनच परत पाठवायचं होतं. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. त्याला साडेतीन मीटरवर उभं राहायला सांगणारं होतं.

मी बाजूला झालो. तो आत येऊन खुर्चीत बसला, वर्तमानपत्र गुडघ्यावर पसरलं आणि सुरू झाला. तबकडीत किती माहिती मावते, किरण निळाच का हवा, लालने कुठे माती खाल्ली. मध्ये मी एकदा म्हणालो, "हे साफ चुकीचं आहे, दादा." तो तावातावाने पुढे सरकून बसला आणि पहिल्यापासून परत समजावू लागला. दुपार होईपर्यंत तो बोलत होता. मला त्यातलं एक अक्षर पटलं नाही.